नराला साधं खाद्य पुरतं, मादीला चरबी लागते: झेडडीएफ उंदरांच्या ताटातलं गणित

मधुमेहाच्या अभ्यासासाठी पाळल्या जाणाऱ्या झेडडीएफ जातीच्या लठ्ठ नर उंदराचा पिंजरा वयाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात सकाळी उघडला की ग्लुकोमीटर हातात घेण्याआधीच निदान होतं. काल संध्याकाळी घातलेलं तूस भिजून गोळा झालेलं असतं, अमोनियाचा भपका येतो आणि पाण्याची बाटली तळाला गेलेली असते. शेजारच्या पिंजऱ्यात त्याचीच बहीण, तेवढीच गुबगुबीत, तेच खाद्य खाणारी. तिचं तूस मात्र कोरडं. तिची साखर मोजली तर ती जवळपास नॉर्मल निघते.

याच मादीला निम्मे उष्मांक चरबीतून मिळतील असं खाद्य सुरू केलं, की काही आठवड्यांत तिचाही पिंजरा भिजायला लागतो.

मधुमेहात नर-मादी फरक का दिसतो, याबद्दल बरंच लिहिलं जातं. पण तो फरक भांड्यात काय घातलंय यावर किती अवलंबून असतो, ही गोष्ट बहुतेक वेळा ‘साहित्य आणि पद्धती’च्या एका ओळीत गडप होते. हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. (मराठीत रॅट आणि माऊस दोघंही उंदीरच. इथे ‘उंदीर’ म्हणजे रॅट; माऊस असेल तिथे माऊस असंच लिहिलंय.)

ही जात आली कुठून

१९६१ मध्ये अमेरिकेत लोइस आणि थिओडोर झुकर यांनी आपल्या उंदरांमध्ये आपोआप लठ्ठ होणाऱ्या पिलांची नोंद केली. त्या जनुकाला ‘फॅटी’वरून एफए म्हणतात. ते नेमकं काय आहे हे १९९६ मध्ये कळलं: लेप्टिन या संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या ग्राहकात (रिसेप्टरमध्ये) एका जागी ग्लुटामिनऐवजी प्रोलिन बसतं. त्यामुळे लेप्टिनचा ‘पोट भरलं’ हा निरोप नीट पोचत नाही आणि उंदीर खात सुटतो. दोन्ही प्रती सदोष असलेला झुकर उंदीर लठ्ठ होतो, त्याचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, पण बहुतेक वेळा मधुमेही होत नाही. पुढे इंडियानातल्या संशोधकांनी याच कुळातली मधुमेही निघालेली पिल्लं वेगळी काढून त्यांची आपसात पैदास केली. तीच झुकर डायबेटिक फॅटी, म्हणजे झेडडीएफ.

या जातीत दोन दोष एकावर एक बसलेत. एक लेप्टिनच्या ग्राहकाचा. दुसरा स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचा, आणि तो पहिल्यापासून स्वतंत्रपणे वारशाने जातो. लठ्ठपणा मागणी वाढवतो आणि कमकुवत बीटा पेशी ती पुरवू शकत नाहीत. नरांमध्ये सहाव्या ते आठव्या आठवड्यात इन्सुलिन भरपूर असतं, साखर जेमतेम वाढलेली असते. दहाव्या-बाराव्या आठवड्यात साखर चारशे-पाचशेच्या घरात जाते आणि त्यानंतर इन्सुलिनच कोसळतं. ज्यांना मधुमेह रोखण्याचा प्रयोग करायचाय त्यांनी सहाव्या आठवड्याला सुरुवात करावी. बाराव्या आठवड्यात सुरू केलेला प्रयोग रोखण्याचा राहत नाही, तो उपचाराचा होतो.

पैदाशीचं गणितही आधीच करून ठेवा. लठ्ठ माद्यांना पिल्लं होत नाहीत, म्हणून सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या सडपातळ नर-मादीची जोडी लावतात. पिलांमध्ये चारात एक लठ्ठ, आणि लठ्ठ नर आठात एक. दहा लठ्ठ नर आणि दहा लठ्ठ माद्या हव्या असतील तर सरासरीने ऐंशी पिल्लं धरून चालावं लागतं.

दोन खाद्यं, दोन निकाल

या नरांचं ठरलेलं खाद्य म्हणजे प्युरिना ५००८. त्यात वजनाने साडेसहा टक्के चरबी असते, उष्मांकांच्या हिशेबात साधारण १७ टक्के. हे काही ‘हाय-फॅट’ नव्हे. पण नेहमीच्या चार-पाच टक्केवाल्या पेलेटपेक्षा ते अंमळ स्निग्ध आहे, आणि नराला तेवढा धक्का पुरतो. ५००८ ऐवजी गोदामात असेल ते पेलेट वापरलं तर मधुमेह उशिरा येतो, काहींना येतो, काहींना येत नाही. मग ‘यंदाची बॅच खराब निघाली’ असं म्हटलं जातं. बॅचला दोष देण्याआधी पोत्यावरचं लेबल वाचा.

मादी ५००८वर लठ्ठ होते, इन्सुलिनला दाद देईनाशी होते, पण साखर सांभाळते. तिला मधुमेही करायला सी१३००४ नावाचं खाद्य वापरतात. त्यात ४८ टक्के उष्मांक चरबीतून येतात. म्हणजे तिच्या बीटा पेशींत दोष नाही असं नाही. दोष भावाइतकाच आहे. फक्त तो उघडा पडायला लागणारा भार जास्त आहे. मादीत संरक्षण ‘असतं’ की ‘नसतं’ असा प्रश्न विचारला की चुकायला होतं. किती चरबीपर्यंत टिकतं, हा खरा प्रश्न.

आतमध्ये काय होतं? डॅलसच्या रॉजर उंगर यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवलं की झेडडीएफ नरांत साखर चढण्याआधीच रक्तातली मोकळी मेदाम्लं चढलेली असतात आणि स्वादुपिंडाच्या बेटांमध्ये (बीटा पेशींच्या पुंजक्यांमध्ये) चरबी साचायला लागलेली असते. चरबीच्या पेशींनी चरबी साठवणं हे त्यांचं कामच आहे. बीटा पेशींकडे ती सोय नाही. जास्तीच्या मेदाम्लांपासून त्यांच्यात सेरामाइड बनतं, नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि पेशी मरतात.

इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, इथे मध्ये पडतं. २००६ मध्ये फ्रँक मोव्हे-जार्व्हिस यांच्या गटाने माऊसवर काम केलं. ज्यांच्यात इस्ट्रोजेन बनत नाही किंवा त्याचा अल्फा ग्राहक नाही अशा माऊसच्या बीटा पेशी स्ट्रेप्टोझोटोसिनपुढे (बीटा पेशी मारणाऱ्या औषधापुढे) लवकर मेल्या. इस्ट्रोजेन बनत नसलेल्यांना ते बाहेरून दिल्यावर पेशी वाचल्या. पुढे २०११ मध्ये याच गटाने झेडडीएफ नरांमध्ये इस्ट्रोजेनचे ग्राहक चेतवून बेटांमधली चरबीची निर्मिती कमी होते आणि बीटा पेशी टिकतात हे दाखवलं. म्हणजे चरबी आणि इस्ट्रोजेन यांची गाठ त्याच पेशीत पडते.

पण सगळं श्रेय इस्ट्रोजेनला देऊ नका. लठ्ठ झेडडीएफ मादीचं ऋतुचक्र आधीच बिघडलेलं असतं, तरीही तिचं संरक्षण दिसतं. शिवाय दुसरी बाजू आहे: जपानच्या ओएलईटीएफ उंदरांत मधुमेह जवळजवळ नरांचाच आजार. त्या नरांची वृषणं काढली तर मधुमेहाचं प्रमाण घटतं आणि टेस्टोस्टेरॉन दिलं की पुन्हा वाढतं. उलट एनओडी माऊसमध्ये मादीच जास्त मधुमेही होते, कारण तिथला मधुमेह रोगप्रतिकारक यंत्रणेच्या हल्ल्यातून येतो, चरबीतून नाही. ‘नरांना मधुमेह जास्त होतो’ हे वाक्य जातीचं आणि खाद्याचं नाव न घेता लिहिलं तर ते अर्धंच आहे.

वजनाचे टक्के आणि उष्मांकांचे टक्के

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. चरबीच्या एका ग्रॅममध्ये ९ किलोकॅलरी, प्रथिन आणि कर्बोदकांत ४. त्यामुळे १०० ग्रॅम खाद्यात २५ ग्रॅम चरबी, २० ग्रॅम प्रथिन आणि ४५ ग्रॅम कर्बोदकं असतील तर हिशेब असा: २२५ + ८० + १८० = ४८५ किलोकॅलरी. चरबीचा वाटा ४६ टक्के. वजनाने पाव भाग, उष्मांकांनी जवळपास निम्मा. एकाने ‘२५ टक्के’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘४६ टक्के’, तरी दोघांचं खाद्य एकच असू शकतं. आकडा लिहिताना ‘उष्मांकांच्या’ की ‘वजनाच्या’ हा शब्द सोडू नका.

आता आपल्याकडची नेहमीची गोष्ट. तयार शुद्ध-घटकांचं खाद्य आयात करायचं तर महाग पडतं आणि वेळ लागतो. म्हणून पेलेट दळून त्यात तूप किंवा डालडा कालवतात. समजा पेलेटमध्ये २० टक्के प्रथिन, ५ टक्के चरबी आणि ५० टक्के कर्बोदकं आहेत. ७०० ग्रॅम पिठात ३०० ग्रॅम तूप घातलं. चरबीचा वाटा ६० टक्क्यांवर गेला, वाटतं काम झालं. पण प्रथिन वजनाने १४ टक्क्यांवर आलं, आणि खरा तोटा त्यापुढे आहे. उंदीर बऱ्याच अंशी उष्मांक मोजून खातो. रोज ६५ किलोकॅलरी खाणारा उंदीर साधं पेलेट २० ग्रॅम खाईल आणि त्यातून त्याला ४ ग्रॅम प्रथिन मिळेल. तेवढेच उष्मांक तुपाळ खाद्यातून घ्यायला १३ ग्रॅम पुरतात, आणि त्यात प्रथिन १.८ ग्रॅम. निम्म्याहूनही कमी. जीवनसत्त्वं आणि खनिजंही त्याच प्रमाणात घटली.

मग उंदीर लठ्ठ होण्याऐवजी खुरटतो. त्यात वाढीच्या वयात नर मादीपेक्षा भराभर वाढतो, त्याची प्रथिनाची गरज मोठी, म्हणून कमतरतेचा फटकाही त्याला मोठा. निकालात नर-मादी फरक दिसतो, आणि तो चरबीचा म्हणून छापला जातो. तो प्रथिनाचा असतो.

याचं उत्तर मोहालीच्या नायपर या औषधशास्त्राच्या संस्थेतल्या गटाने २००५ मध्ये दिलेल्या कृतीत आहे. एक किलोला: दळलेलं साधं खाद्य ३६५ ग्रॅम, डुकराची चरबी ३१०, केसीन (दुधातलं प्रथिन) २५०, कोलेस्टेरॉल १०, जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण ६०, डीएल-मेथिओनिन ३, यीस्ट पावडर १, मीठ १. चरबीतून ५८ टक्के उष्मांक, प्रथिनांतून २५, कर्बोदकांतून १७. ते २५० ग्रॅम केसीन बघून ‘एवढं कशाला, महाग आहे’ म्हणत बरेच जण कात्री लावतात. वरचं गणित पाहिलं की ते कशाला आहे हे कळतं.

चरबी कुठली, हेही लिहा. आपल्याकडच्या जुन्या प्रयोगांत वनस्पती तूप सर्रास वापरलं जायचं आणि त्यात ट्रान्स फॅट भरपूर असायचं. एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) जानेवारी २०२१ पासून त्याची मर्यादा ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. आज दुकानातून आणलेला डालडा पंधरा वर्षांपूर्वीच्या डालड्यासारखा नाही. जुन्या निकालाशी तुलना करताना हे विसरलं तर फरक कुठून आला ते शोधत बसावं लागेल.

कंट्रोलच्या भांड्यातलं सोयाबीन

नर-मादी तुलनेत मला सगळ्यात धोक्याची वाटणारी चूक ही. एका गटाला केसीनवर आधारलेलं हाय-फॅट खाद्य आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, गटाला नेहमीचं पेलेट. नेहमीच्या पेलेटमध्ये प्रथिनासाठी सोयाबीनची पेंड असते, आणि पेंडीत जेनिस्टीन, डेडझीन ही इस्ट्रोजेनसारखी वागणारी द्रव्यं असतात. केसीनच्या खाद्यात ती नसतात. (सोयाबीन तेलाची भीती नको, ही द्रव्यं पेंडीत राहतात, तेलात जवळजवळ उतरत नाहीत.) म्हणजे तुम्ही चरबी वाढवली आणि त्याच क्षणी वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन काढूनही घेतलं. ज्या प्रयोगाचा विषयच इस्ट्रोजेन आहे, त्यात!

कंट्रोल खाद्य त्याच घटकांचं, त्याच कंपनीचं, त्याच साखरेच्या प्रमाणाचं हवं. चरबी फक्त १० टक्के उष्मांकांपर्यंत उतरवलेली. घरी बनवत असाल तर दोन्ही खाद्यांत केसीनच घ्या आणि तुपाच्या जागी कॉर्नस्टार्च भरा.

पिंजऱ्यातलं तूसही बघा. मक्याच्या कणसाच्या भुग्यातल्या काही द्रव्यांनी उंदरांचं ऋतुचक्र बिघडतं. शिवाय उपाशी ठेवलेला उंदीर तो भुगा कुरतडतो, त्यामुळे उपवासाची साखर उपवासाची राहत नाही. उपवासाच्या वेळी जाळीचा तळ किंवा कागदाचं तूस वापरा.

चरबीचं खाद्य खवट होतं, आणि आपल्या उन्हाळ्यात फारच लवकर. आठवड्याचं पाकीट करून उणे वीस अंशांत ठेवा, चालू पाकीट फ्रीजमध्ये, भांड्यातलं दर दोन दिवसांनी बदला. ते मऊ असल्याने उंदीर चुरा करून तळाशी सांडतो. सांडलेलं गोळा करून वजा केलं नाही तर ‘खूप खाल्लं, तरी वजन वाढलं नाही’ अशी नोंद होते. खाल्लेलं नेहमी किलोकॅलरीत लिहा. ग्रॅममध्ये हाय-फॅट गट कायम कमीच खाताना दिसेल.

स्ट्रेप्टोझोटोसिन आणि मादी

झेडडीएफ परवडत नाही तिथे दोन आठवडे चरबीचं खाद्य आणि मग स्ट्रेप्टोझोटोसिनचा छोटा डोस, हा मार्ग घेतात. नायपरच्या कृतीत दर किलोला ३५ मिलिग्रॅम, पोटात टोचून, स्प्रेग-डॉली या नेहमीच्या जातीच्या नरांना. त्यातला देखणा भाग असा की साधं खाद्य खाणाऱ्या नरांवर या डोसचा फारसा परिणाम झाला नाही. चरबीने आधी इन्सुलिनला दाद देणं कमी केलं होतं, म्हणून छोटा घाव पुरला. तिथेही काम चरबीच करते.

हाच डोस मादीला दिला की काही मधुमेही होतात, काही अर्धवट राहतात, काही पंधरा दिवसांत नॉर्मलवर परततात. मादीसाठी डोस वेगळा ठरवावाच लागतो. मुख्य प्रयोगाआधी चार-पाच माद्यांवर दोन-तीन डोस तपासून बघा, आणि हे प्राणी-प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीकडे पाठवायच्या अर्जातच लिहा, नंतर जोडू नका. इथे एक अडचण राहतेच: नर-मादीला वेगळा डोस दिला तर डोसचा फरक आणि लिंगाचा फरक वेगळे काढता येत नाहीत. नर-मादी तुलना हाच मूळ प्रश्न असेल तर हा मार्ग टाळा आणि झेडडीएफ किंवा नुसत्या खाद्याचा लांब प्रयोग घ्या, असं माझं ठाम मत आहे.

द्रावणाबद्दल थोडं. सायट्रेट बफरचा पीएच ४.५. पावडर बर्फावर, प्रकाशापासून झाकून, आणि उंदीर तोलून तयार झाल्यावरच विरघळवायची. काही मिनिटांत संपवायची. पंचवीस उंदरांसाठी एकदम बनवलं तर शेवटच्या दहांना कमजोर औषध जातं. माद्या शेवटी घेतल्या असतील तर ‘माद्यांना मधुमेह कमी झाला’ हा निष्कर्ष तयारच! पाच-पाचच्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीत नर-मादी मिसळा. २५० ग्रॅमच्या उंदराला ३५ प्रमाणे ८.७५ मिलिग्रॅम, द्रावण मिलिलिटरला ३५ मिलिग्रॅम असेल तर पाव मिलिलिटर. पहिली रात्र जोखमीची असते. मेलेल्या बीटा पेशींतलं इन्सुलिन एकदम रक्तात येतं आणि साखर कोसळते. म्हणून पहिले २४ ते ४८ तास पाण्याऐवजी १० टक्के साखरपाणी ठेवा. औषध कर्करोगकारक आहे, तेव्हा हातमोजे आणि हूड हवेतच, आणि पुढच्या काही दिवसांचं तूसही धोक्याचा कचरा म्हणूनच टाकायचं.

मोजताना

रात्रभर उपाशी ठेवणं उंदराला जड जातं, कारण त्याचं खाणं रात्रीचं. सकाळी खाद्य काढून सहा तासांनी मोजलेली साखर जास्त खरी. हाताळणीने साखर चढते, म्हणून आधीचा आठवडाभर रोज हातात घेऊन सवय लावा, माद्यांनाही तेवढीच. बऱ्याच ग्लुकोमीटरवर ६००च्या वर नुसतं ‘हाय’ येतं. त्या जागी ६०० लिहून सरासरी काढू नका. नमुना पातळ करून किंवा प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजा.

ग्लुकोज टॉलरन्स चाचणीत (ग्लुकोज देऊन साखर किती वेळात उतरते हे बघतात) दर किलोला २ ग्रॅम ग्लुकोज देतात. लठ्ठ उंदराच्या वजनात चरबी मोठी, आणि ती ग्लुकोज फारशी घेत नाही. त्यामुळे लठ्ठ उंदराला प्रत्यक्षात जास्त डोस पडतो. शक्य असेल तर चरबीविरहित वजनावर डोस ठरवा. ते जमत नसेल तर एकाच लिंगाच्या सगळ्यांना ठरावीक डोस द्या, आणि तसं स्पष्ट लिहा.

‘माद्यांच्या चक्रामुळे आकडे विखुरतात, म्हणून फक्त नर घेतले’ हे वाक्य अजूनही वाचायला मिळतं आणि वाईट वाटतं. माऊसवरच्या (२०१४) आणि उंदरांवरच्या (२०१६) जुन्या आकडेवारीच्या मोठ्या तपासण्यांत माद्या नरांपेक्षा जास्त विखुरलेल्या निघाल्या नाहीत. चक्र चार-पाच दिवसांचं असतं. बघायचंच असेल तर सलाईनचे एक-दोन थेंब ड्रॉपरने योनिमार्गात सोडून परत ओढायचे, काचपट्टीवर पसरून रंगवायचे. गोल, केंद्रक दिसणाऱ्या पेशी म्हणजे प्रोइस्ट्रस, तेव्हा इस्ट्रोजेन चढलेलं. पापुद्र्यासारख्या, केंद्रक नसलेल्या पेशी म्हणजे इस्ट्रस. पांढऱ्या पेशींची गर्दी म्हणजे डायइस्ट्रस. रोज ठरलेल्या वेळीच, आणि नरांनाही तेवढाच वेळ हातात धरून, नाहीतर हाताळणीचा ताण एकाच बाजूला पडतो. अंडाशय काढलेल्या माद्या घेत असाल तर शेवटी गर्भाशय तोला. सुकून दोऱ्यासारखं झालेलं नसेल, तर शस्त्रक्रियेत अंडाशयाचा तुकडा राहिलाय आणि ती मादी हिशेबातून बाहेर.

आकडेमोडीत एकच गोष्ट, पण ती सगळ्यात जास्त चुकते. ‘नरांमध्ये खाद्याने फरक पडला, पी ०.०२, माद्यांमध्ये पडला नाही, पी ०.०९, म्हणून लिंगानुसार परिणाम वेगळा’ हे बरोबर नाही. दोन्ही गटांत परिणाम सारखाच असून केवळ एका गटात आकडे थोडे जास्त विखुरलेले असू शकतात. लिंग आणि खाद्य दोन्ही एकाच विश्लेषणात घ्या आणि त्यांची आंतरक्रिया, म्हणजे खाद्याचा परिणाम लिंगानुसार बदलतो का ते, तपासा. त्या चाचणीला उंदीर जास्त लागतात. संख्या ठरवताना हिशेब तिचाच करा, आणि एका पिंजऱ्यात एकाच भांड्यातून खाणारे तीन उंदीर खाण्याच्या नोंदीत तीन नव्हे, एकच धरा.